चव्वेचाळीस नंबरच्या नळीची रेघ

"मामा, आधी चष्मा पुसा. रेघ सरळ आहे म्हणजे सरळ आहे. माझ्यासमोर उघडी आहे ती, ताणून बांधलेल्या दोरीसारखी."

"चष्मा पुसूनच बोलतोय. आणि टेप वाजते तेव्हा चष्मा नाही लागत, कान लागतात. ते दोन्ही शाबूत आहेत माझे."

"अहो, आकडे तुमचेच. तुम्ही भरता, मी दाखवते. मधे मी काय कालवणार त्यात?"

"ते तुझं तुला ठाऊक. मी साहेबांना तीनदा फोन केला की चव्वेचाळीस नंबरचं पाणी वर येतंय. साहेब म्हणतात, मामा, ग्राफ स्थिर आहे, तुमचं वय झालं. झालं ना, कोण नाही म्हणतंय! पण माझं वय झालं म्हणून नळीतलं पाणी वर येतं का?"

जोडणीबाईंना हसू आलं. मामांशी फोनवर बोलताना ते नेहमीच यायचं. मामा म्हणजे धरणावरचे टेपवाले. तीस-एकतीस वर्षं झाली, दर सोमवारी मातीच्या त्या भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, भिंतीत खोल पुरलेल्या प्रत्येक नळीचं झाकण उघडायचं, आत टेप सोडायची. टेपचं टोक पाण्याला टेकलं की ती किर्रर्र वाजते. किती खोलीवर वाजली ते मोबाइलमध्ये भरायचं आणि पुढच्या नळीकडे. भिंतीच्या पोटात पाणी कुठवर चढलंय ते कळायला दुसरा मार्ग नाही. डॉक्टर नाडी बघतो, तसे मामा नळ्या बघतात, फक्त डॉक्टरला माणसं सलाम करतात आणि मामांना कुत्री ओळखतात, एवढाच फरक.

"बरं, आज कितीवर वाजली?" बाईंनी विचारलं.

"पाच मीटर ऐंशी. गेल्या सोमवारी सहा वीस. ही नळी खोदली तेव्हा नऊच्या खाली होतं पाणी."

बाईंनी रेघेच्या शेवटच्या ठिपक्यावर माउस नेला. ठिपक्याशेजारी आकडा उमटला. अकरा चाळीस.

त्यांनी पुन्हा वाचला. मग वर मथळा वाचला. मथळ्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, नळी क्रमांक ४४.

"मामा, तुम्ही आज अकरा चाळीस कुठे भरलंत का?"

पलीकडून मामा एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "अकरा चाळीस? ती एक नंबरची नळी आहे गं. आज सकाळी पहिली टेप तिच्यातच सोडली. ती कायम अकरा चाळीसच असते. डोंगराला टेकलेल्या टोकाला आहे, कोरडी ठाक. तिच्यात पाणी चढायला आधी डोंगराला घाम फुटावा लागेल."

बाईंचं हसू ओठांवरच सुकलं.

जोडणीबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण पाणीखात्याच्या कचेरीत खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, खिडकीकडे पाठ करून त्या बसायच्या. काम एकच, एक रिपोर्ट दुसऱ्याला जोडायचा. पडद्यावरच्या चित्रात बोट ठेवलं की त्यामागचं पान उघडलं पाहिजे, त्या पानात बोट ठेवलं की त्याच्या मागचं. बाईंची आई शर्टांना काजं-बटणं करायची, ढीगच्या ढीग, आणि नवव्या वर्षापासून बाईही त्या ढिगाला बसल्या होत्या. शर्ट बघून त्या अजून आधी बटणं मोजतात. कचेरीत त्या टायपिंगला लागल्या, आणि शिकलेल्या पोरांना जे जमेना ते बघून बघून शिकल्या. कुठल्या शाळेत गेल्या नाहीत. एकदा कुणी विचारलं, बाई, हे तुम्हाला येतं कसं? तर म्हणाल्या, "काज कुठे आणि बटण कुठे एवढं बघायचं. बाकी सगळा इस्त्रीचा थाट."

धरणाचा डॅशबोर्ड त्यांचाच. पहिल्या पानावर भिंतीचं लांबलचक चित्र, त्यावर नळ्यांचे ठिपके. ठिपक्यावर क्लिक केलं की दुसरं पान उघडतं आणि त्या नळीची वर्षभराची रेघ दिसते. ऐकायला सोपं आहे. पण पहिल्या पानाने दुसऱ्या पानाला निरोप द्यावा लागतो, की बाबा, या माणसाने अमुक नंबर निवडलाय, त्याचीच रेघ काढ. दुसरं पान तो नंबर घेतं, आपल्याजवळच्या यादीत शोधतं आणि रेघ काढतं. यादीत नंबर सापडलाच नाही तर काय करायचं, ते बनवणाऱ्याने आधी सांगून ठेवायचं असतं.

तर ते बाईंनी सांगून ठेवलं होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी बाहेरून मोठी मंडळी डॅशबोर्ड बघायला आली. मोठे साहेब, म्हणजे धरणाचे मुख्य इंजिनियर, छाती फुगवून सगळं दाखवत होते. तेवढ्यात त्यांनी पहिलं पान सोडून थेट दुसरंच उघडलं. नंबर निवडलेलाच नव्हता, त्यामुळे पान कोरं आलं. पांढरं फटक. पाहुण्यांपैकी कुणीतरी खोकलं. मंडळी गेल्यावर साहेबांनी बाईंना उभं केलं आणि म्हणाले, "माझ्यासमोर पुन्हा रिकामं पान येता कामा नये. काहीही दाखवा, पण रिकामं नको." त्या दिवसापासून त्या कचेरीत रिकामं पान हे पाप झालं. बाईंनी प्रत्येक रिपोर्टच्या दुसऱ्या पानाला पढवलं, नंबर सापडला नाही तर गप एक नंबरची नळी दाखव. एक नंबर बघायला देखणी होती. सरळ, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मग गेल्या वर्षी भिंतीच्या पायथ्याला ओल दिसली. फार नाही, अंथरुणाएवढी. तिथे नऊ नव्या नळ्या खोदल्या, एक्केचाळीस ते एकोणपन्नास. बाईंनी नवे नऊ ठिपके पहिल्या पानावर बसवले. मथळ्यात नंबर नीट येतो का तेही तपासलं, आणि तो येत होता, कारण मथळा निरोपातला नंबर जसाच्या तसा उचलायचा. रेघ मात्र यादीतून जायची. आणि दुसऱ्या पानाची यादी बाईंनी स्वतःच्या हाताने टाइप केली होती, एक ते चाळीस. ती वाढवायची राहून गेली.

घोडं इथे पेंड खात होतं. सात महिने ज्याने ज्याने त्या नऊ ठिपक्यांवर क्लिक केलं, त्याला मथळा नव्या नळीचा दिसला आणि रेघ एक नंबरची. जिथे ओल होती, ज्या जागेसाठी एवढी खोदाई केली, नेमकी ती जागा सोडून सगळी भिंत दिसत होती. जुन्या नळ्यांचे ठिपके पाणी वाढलं की लाल व्हायचे, पण नव्यांची धोक्याची मर्यादा वर्षभराचे आकडे आल्याशिवाय ठरवत नाहीत, म्हणून ते ठिपके राखाडीच. दर बुधवारी बैठक व्हायची, साहेब त्या राखाडी ठिपक्यांवर टकटक करायचे, रेघ बघायचे आणि कागदावर लिहायचे, स्थिर.

बाईंनी यादीत नऊ नंबर घातले. काम अर्ध्या मिनिटाचं. पुन्हा चव्वेचाळीसवर क्लिक केलं.

रेघ डावीकडे खाली सुरू झाली. पाच महिने रांगत होती. मग उठली, आणि शेवटच्या दीड महिन्यात जिना चढावा तशी वर गेली होती. त्रेचाळीस आणि पंचेचाळीसच्या रेघाही तिच्या मागोमाग, जरा दमाने, पण त्याच वाटेने.

"बाई? आहेस का?" फोनमधून मामा.

"आहे मामा. रेघ खोटं बोलत होती. म्हणजे मीच बोलत होते." त्या खुर्चीतून उठल्या. "तुम्ही एक करा. पायथ्याला जाऊन पुन्हा टेप सोडा आणि मला सांगा."

धरण या गुरुवारी काठोकाठ भरायचं होतं. वरून पाणी येतच होतं, दरवाजे बंद होते, आणि दोन मीटर शिल्लक होते. भिंतीच्या खाली, नदीच्या वळणावर, साडेतीनशे घरांचं गाव. त्या गावात तिसऱ्या गल्लीत बाईंची आई.

साहेबांच्या खोलीचं दार बाईंनी न वाजवताच ढकललं. साहेब सह्या करत होते. बाईंनी लॅपटॉप त्यांच्या कागदांवरच ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, यादी, मथळा, रिकामं पान, सगळं. साहेब ओरडतील म्हणून त्यांनी मनाची तयारी केली होती. साहेब ओरडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

"किती दिवस?"

"सात महिने."

"म्हणजे सात महिन्यांच्या कागदांवर माझी सही आहे."

"हो साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. "हे अजून कुणी पाहिलं?"

"मी, मामा, आणि आता तुम्ही."

"ठीक आहे. बसा. असं करू, दुरुस्ती तुम्ही केलीच आहे. बुधवारच्या बैठकीत मी म्हणतो की या आठवड्यात अचानक वाढ दिसली. मग नीट, शांतपणे निर्णय घेऊ. तुमचीही नोकरी राहील."

मोह वाईट असतो, आणि तो असा खुर्ची देऊन बसवतो. बाई बसल्या नाहीत. दोन दिवस गप्प राहायचं, एवढंच तर होतं. नवऱ्याची बसची ड्यूटी, पोरीची शाळा, घराचं भाडं, सगळं क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. "साहेब," त्या म्हणाल्या, "मी बुधवारपर्यंत थांबेन. तुम्हीही थांबाल. पाण्याला कुणी सांगितलंय बुधवारचं?"

साहेब काही बोलणार तोच बाईंच्या हातातला फोन वाजला. मामा. बाईंनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"पाच साठ," मामांना धाप लागली होती. "सकाळी ऐंशी होती, आता साठ. चार तासांत वीतभर. आणि ऐक, पायथ्याच्या चरातून पाणी वाहतंय. पाणी तर नेहमीच वाहतं, भिंत पाझरायचीच. पण ते स्वच्छ असायचं. चहा करावा असं. आज गढूळ आहे."

"गढूळ म्हणजे किती?" साहेब एकदम पुढे वाकले.

"कोण, साहेब का? साहेब, हातात घेतलं तर तळहात दिसत नाही. खाली गाळ बसतोय. बाहेरून माती पडायला आज इथे पाऊस नाही की गुरं नाहीत. मग ही माती कुठून येते, ते तुम्ही मला सांगा. माझं वय झालंय."

सांगायचं काय होतं? स्वच्छ पाणी येतं तेव्हा भिंत घाम गाळत असते. गढूळ येतं तेव्हा भिंत स्वतःच थोडी थोडी बाहेर येत असते.

साहेबांनी पेन बाजूला टाकलं, फोन उचलला आणि दरवाजावाल्यांना सांगितलं, तळचे दोन्ही दरवाजे उघडा. मग वरच्या कचेरीला फोन. तिकडून कुणीतरी बराच वेळ बोलत राहिलं. साहेब "हो सर", "नाही सर" करत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "दरवाजे पूर्ण उघडले तरी पाणी दिवसाला हातभर उतरतं. भोंगा वाजवायचा का, ते वरचे तासाभरात कळवणार. विनाकारण वाजवला तर चेंगराचेंगरी होईल म्हणतात."

"आणि कारण असून नाही वाजवला तर?"

"बाई, जागेवर जा."

बाई जागेवर गेल्या नाहीत. जिन्यात उभं राहून त्यांनी आईला फोन लावला.

"आई, ऐक. आत्ताच्या आत्ता वरच्या आळीत मावशीकडे जा. दोन दिवस राहा तिच्याकडे."

"का? कुणी गेलं का?"

"नाही गं."

"मग कुणी जाणारे का?"

आई म्हणजे आयुष्यभर सुईच्या नाकातून दोरा ओवलेली बाई. तिच्यापासून काय लपणार! "भिंतीतून माती येतेय, आई," त्या एवढंच म्हणाल्या.

मागे भांडं आदळल्याचा आवाज आला, बहुतेक शेगडी बंद केली असावी. मग आईने विचारलं, "भोंगा का नाही वाजला?"

"वाजेल. वरचे ठरवतायत."

"म्हणजे तू मला एकटीला फोन केलास."

"आई, तू नीघ आधी."

"निघते. पण शेजारीण लंगडी आहे, तिला काय सांगू? की माझी पोरगी कचेरीत आहे म्हणून मी चालले, तुझी नाही म्हणून तू बस? आणि तिची सून, ती दोन पोरं, पलीकडचा न्हावी? सात घरं माझ्याच भिंतीला भिंत लावून आहेत. नीट सांग बाई मला. खरं आहे ना?"

"खरं आहे. माझ्याच चुकीने दिसायचं राहिलं."

"ते नंतर रडू," आई म्हणाली. "आधी मला ओरडू दे." आणि फोन तसाच चालू ठेवून ती ओट्यावर गेली. बाईंना ऐकू आलं, पन्नास वर्षं खाली मान घालून काजं करणाऱ्या त्या म्हातारीने असा काही आवाज काढला, की न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला असावा. कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी विचारलं, म्हातारे, डोकं फिरलं का. मग दारं वाजायला लागली, एकामागून एक.

अर्ध्या तासाने साहेब स्वतः जिन्यात आले. आजवर ते कधी कुणाच्या मागे जिन्यात आले नव्हते. "खालून फोन आलाय. दोन गल्ल्या रिकाम्या व्हायला लागल्यात. लोक गाठोडी घेऊन चढतायत. कुणी सांगितलं?"

"मी. आईला."

"एकट्या आईला?"

"साहेब, आमच्या आईला सांगितलं की आणखी कुणाला सांगावं लागत नाही."

साहेबांनी खिशातून फोन काढला. "आता वरच्यांचं काय ऐकायचं," ते स्वतःशीच म्हणाले. "लोक निघालेच आहेत, तर भोंग्याशिवाय निम्मे वाटेत थांबतील." तिथेच उभं राहून त्यांनी धरणावर फोन लावला आणि भोंगा द्यायला सांगितला. स्वतःच्या नावावर.

बाईंच्या फोनवर आईची लाइन अजून सुरूच होती. त्यातूनच त्यांनी भोंगा ऐकला. लांब, जाड, जनावराने हंबरावं तसा. मग लाइन तुटली. पुन्हा लावला तर लागेना. सगळं गाव एकदम फोन करत असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुपारी दोनला मामांचा निरोप आला. दरवाजे उघडून तास होऊन गेला, धरणातलं पाणी दोन बोटं उतरलं. चव्वेचाळीसमधलं मात्र उतरत नाही. पाच पन्नास. चरातलं पाणी तसंच गढूळ. मामांना तिथून लांब व्हा म्हणून सांगितलं, तर म्हणाले, मी लांब झालो तर टेप कोण सोडणार, तुझी रेघ?

बाई जागेवर येऊन बसल्या. आजूबाजूची माणसं कुजबुजत होती, त्यांच्याकडे बघून गप्प होत होती. बातमी तीन मजले फिरून आली होती. चौकशी होईल, तेव्हा काय ते होईल. आईचा फोन अजून लागत नव्हता. त्यांनी माउस धरला, आणि धरल्यावर त्यांना बाकीचे रिपोर्ट आठवले.

या कचेरीच्या हाताखाली अशा भिंती चार होत्या, चार धरणांच्या. उरलेल्या तिघींचे रिपोर्टही बाईंनीच जोडले होते. साहेबांच्या त्या तंबीनंतर, त्याच महिन्यात, त्याच हाताने, रिकामं पान दिसू नये अशा बेताने. आणि नव्या नळ्या गेल्या वर्षी सगळीकडेच खोदल्या होत्या.

त्यांनी वही उघडली. सगळ्यात आधी तिन्ही रिपोर्टांतली ती एक नंबरची सोय काढून टाकली. नंबर सापडला नाही तर आता काहीच दिसणार नव्हतं. मग दुसऱ्या भिंतीचं चित्र उघडलं आणि पहिल्या ठिपक्यापासून क्लिक करायला सुरुवात केली. एक, रेघ आली. दोन, रेघ आली. मथळ्यातला नंबर वाचायचा, रेघेचा शेवटचा आकडा वाचायचा, तिथल्या टेपवाल्याने सकाळी भरलेल्या आकड्याशी ताडून बघायचा, वहीत खूण करायची. सहा, सात. कुणीतरी चहा ठेवून गेलं. अठरा, एकोणीस.

त्रेपन्नवर पान कोरं आलं. पांढरं फटक.

बाईंनी वहीत त्रेपन्न लिहिलं, त्याच्याभोवती गोल काढला, आणि त्या भिंतीच्या टेपवाल्याचा नंबर लावला.

"मी जोडणीबाई बोलतेय," त्या म्हणाल्या. "टेप घ्या आणि त्रेपन्न नंबरला जा. मी फोन धरून आहे. आणि जाता जाता पायथ्याचं पाणी कसं दिसतं तेवढं बघा."

पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी चोपन्नवर क्लिक केलं होतं.